आज तुमचा वार

हात पुढं करायची तिची एक रीत होती. भीक मागणाऱ्याचा हात तुम्ही पाहिलेला आहे. तळवा वर, बोटं वाकलेली, मान एका खांद्यावर. तिचा हात तसा नव्हता. सामान घेऊन झाल्यावर गिऱ्हाईक उरलेली मोड परत घ्यायला हात पुढं करतं, तसा तिचा हात यायचा. मान सरळ, नजर समोर. आणि म्हणायची, "आज तुमचा वार हाय, तात्या. सुट्टं असंल तर बघा."

सुट्टं नसलं तर, "ऱ्हाऊ द्या, पुढल्या वारी," म्हणून चालू लागायची. हाक मारली तरी मागं फिरायची नाही.

बारामतीत स्टँडाकडून बाजाराकडं जाणाऱ्या एका गल्लीच्या तोंडाशी माझी बैठक आहे. कुलपांच्या किल्ल्या करतो, छत्र्या दुरुस्त करतो. एक लाकडी पेटी, वर एक मोठी छत्री, शेजारी पाण्याचा माठ. एवढंच दुकान. गाव माझं इंदापूर तालुक्यातलं वरकुटं, शाळा तिसरीपर्यंत. तिसरीत मास्तरानं विनाकारण कान पिळला म्हणून उठून आलो तो परत गेलो नाही. तेव्हापासून कुणाचं ऐकून घ्यायची सवय नाही. कुणापुढं हात पसरला नाही आणि दुसऱ्यानं पसरलेल्या हातावर काही ठेवलं नाही. पुष्कळांनी मला कंजूष म्हटलं. म्हणू देत. धडधाकट माणसाला फुकट दिलं की तो बसतो, हे माझं तेव्हाही मत होतं, आजही आहे.

ती पहिल्यांदा आली ती बुधवारी. हे पक्कं आठवतं, कारण त्यावरनंच आमचं वाजलं. माझ्या पेटीसमोर उभी राहिली आणि विचारलं, "तुमची सुट्टी कुठल्या वारी असती?"

मला वाटलं किल्ली करायची असेल. म्हटलं, "सोमवारी. का?"

"सोमवार कापडवाल्याचा हाय. मंगळवार चाचांचा, बुधवार गिरणीचा. मग गुरवार तुमचा."

"कशाला माझा?"

"मी येत जाईन. पाच रुपये. सुट्टं असंल तर."

मी हातातली कानस खाली ठेवली. "बाई, मी भिकाऱ्याला पैसा देत न्हाय. तोंड बघून घे माझं. मेलो तरी न्हाय."

"मी मागितलं कुठं?" ती म्हणाली. "आज बुधवार हाय."

आणि पदर सावरून गिरणीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी आली. मी तयारच होतो. म्हटलं, "पैसे पायजेत तर काम कर." तिला वाटेल अपमान, जाईल निघून, असा माझा अंदाज. ती म्हणाली, "दावा काम." माझ्याकडं गंजलेल्या जुन्या किल्ल्यांचा एक डबा होता. तो तिच्यापुढं उपडा केला आणि सांगितलं, सारख्या सारख्या वेगळ्या करून तारेत ओव. ती भुईवर बसली. पदराच्या टोकानं एक एक किल्ली पुसून, लहान-मोठी बघून, ओळीनं मांडत गेली. बाजारात बसणाऱ्या बायका पुढ्यात माल मांडतात, अगदी तसं. ऊन चढेपर्यंत डबा रिकामा झाला. मी मजुरी दिली, ती तिनं पदराच्या गाठीत बांधली, उठून उभी राहिली आणि पुन्हा हात पुढं केला.

"आता काय?"

"ह्ये कामाचं झालं. आता वाराचं."

"अगं, आत्ताच दिले की!"

"ती मजुरी. काम तुमच्याकडं रोज न्हाय, तात्या. वार दर आठवड्याला येतो."

समोर बेकरीच्या दारात रशीदभाई उभे होते. गल्ली त्यांना चाचा म्हणते. ते इतके हसले की टोस्टची बरणी पडता पडता वाचली. "हारलात तात्या, हारलात! द्या आता गुमान!"

मी दिले. हरलो म्हणून नाही. तिचं बोलणं बिनतोड होतं म्हणून.

वाराचं हे खूळ तिच्यात कुठून आलं ते हळूहळू कळलं. ती बाजार करणारी बाई. उमर सगळी इंदापूर तालुक्यातले आठवडी बाजार फिरण्यात गेली. डोक्यावर पाटी, पाटीत सुया, दाभणं, फण्या, काळे मणी, पोरांचे करदोटे. एका वारी लासुर्णं, एका वारी निरवांगी, एका वारी इंदापूर. ज्या गावाचा वार त्याच गावात जायचं, ही तिची पोथी. "वार चुकवला की गिऱ्हाईक चुकतं," म्हणायची. "आज न्हाय घेतलं तर न्हाय घेतलं. पुढल्या वारी आपण तितंच दिसाय पायजे." पाटी गेली तरी रीत राहिली. आता तिनं गल्लीतल्या दुकानांनाच गावं केलं होतं.

मी वरकुट्याचा म्हटल्यावर म्हणाली, "मग तुमच्या पोराच्या कमरंला करदोटा माझ्याच पाटीतला असंल." मला बरं वाटलं. पुढं कळलं की इंदापूर तालुक्यातला कुणीही भेटला की हे ठरलेलं वाक्य. गिरणीवाला मूळचा निरवांगीचा, त्यालाही म्हणाली. तो म्हणाला, "आजी, मला पोरंबाळं न्हाईत." तर क्षणभर थांबून म्हणते, "मग तुमच्या कमरंचा असंल."

पाटी कशी सुटली, असं मी एकदा विचारलं. "गुडघं गेलं. मग पाटी गेली. मग भाड्याची खोली गेली."

"आणि माणसं?"

"माणसं काय, बाजार उठला की जात्यात आपापल्या गावाला."



गल्लीच्या मागं एक बंद गोडाऊन आहे, त्याच्या पडवीत ती निजायची. पण सकाळी बघाल तर लुगडं धुतलेलं, केसाला तेलाचं बोट, कपाळ स्वच्छ. ती भिकारीण वाटत नाही म्हणून पुष्कळ लोक तिला काही देत नसत. मी डोळ्यांनी पाहिलंय. शेजारी अंगाला घाण वास येणारा, जटा वाढलेला कुणी असला की लोक त्याच्या हातावर ठेवून पुढं जायचे. माणूस पुरता बुडालेला दिसल्याशिवाय आपला हात खिशात जात नाही. तुमचं बघा, माझा तर तसाही जात नव्हता.

एकदा एका टापटीप साहेबानं तिला दहाचं नाणं दिलं. तिनं उलटसुलट करून बघितलं आणि परत केलं. "ह्ये हितं चालत न्हाय."

"अहो आजी, सरकारनंच काढलंय."

"मग सरकारलाच द्या."

साहेब माझ्याकडं बघून म्हणाला, "काय भिकारी आहे!" मी म्हटलं, "किराणावाला घेतो का तुमच्याकडनं हे नाणं? न्हाय ना? मग तिनं का घ्यावं?" त्या दिवशी मला कळलं की मी तिच्या बाजूनं भांडायला लागलोय.

पाच रुपयांचं ती काय करते, हे मी कधी विचारलं नाही. चहा, नाहीतर मिश्री, असं धरून चाललो. दिलेल्या पैशाची चौकशी मला आवडत नाही. किल्ली करून दिली की गिऱ्हाईक कुठलं दार उघडतं, ते मी बघायला जातो का?

मग फ्लेक्स लागला.

त्याला निमित्त झालं दुसऱ्याच एकाचं. स्टँडाबाहेर बसणारा एक बाप्या दुपारीच दारू पिऊन रस्त्यात आडवा झाला. रिक्षाखाली येता येता वाचला. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला आणि खाली लिहिलं, 'तुमचे पैसे कुठं जातात बघा.' आमच्या गल्लीत अक्षय म्हणून मोबाईल दुरुस्तीवाला आहे. लग्न झालेला, दोन लेकरांचा बाप. पोरगा सोन्यासारखा. कुणाला रक्त लागू द्या, कुणाच्या घरी मयत होऊ द्या, हा पहिला धावणार. त्यानं सगळ्या दुकानदारांना गोळा केलं, गल्लीच्या तोंडावर फ्लेक्स लावला. 'भिकाऱ्यांना पैसे देऊ नका. अन्न द्या, पाणी द्या.' आणि खाली सगळ्या दुकानदारांचे गोल गोल फोटो, वाढदिवसाला लावतात तसे. माझाही फोटो मागायला आला.

म्हटलं, "मेल्यावर लाव."

"तात्या, तुमीच तर म्हणायचा, फुकट दिलं की माणूस बसतो."

"म्हणायचो. अजून म्हणतो. पर माझ्या खिशातलं मी कुणाला द्यायचं, ते फ्लेक्स ठरवणार का?"

"पैशाची दारू व्हती. अन्न पोटात जातं."

"तुझ्या दुकानातल्या माणसाला पगाराच्या जागी वडापाव दे की मग."

"तो काम करतो, तात्या."

माझंच बोलणं तो मला ऐकवत होता, आणि त्याच्या तोंडून ते मला आवडत नव्हतं. मी कानस घासायला लागलो. माझा फोटो सोडून फ्लेक्स लागला.

तिनं वार मोडले नाहीत. सोमवारी कापडवाल्याकडं गेली, त्यानं पोहे दिले. मंगळवारी चाचांनी खारी-बिस्किटं दिली. बुधवारी गिरणीवाल्यानं केळी. "सुट्टं न्हाय का?" ती विचारायची. "आजी, खावा की पोटभर! पैसे काय खाणार हाय का?" सगळे मायेनं म्हणायचे, त्यात खोट नव्हती. ती गुमान घ्यायची. एका माणसाचं पोट ते केवढं. उरलेलं ती पडवीत कुत्र्यांना घालायची. एकदा बिस्किटाचे पुडे घेऊन ती चाचांकडंच विकायला गेली. चाचा आधी हसले. मग तिच्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू गेलं, आणि तरीही, ठरलंय म्हणून, पैसे दिले नाहीत. वर आणखी एक पुडा दिला.

दोन महिन्यांत गल्लीतली कुत्री माजली आणि बाई वाळली.

माझा गुरुवार तेवढा चालू होता. ती यायची, मी पाचाचं नाणं द्यायचो, सगळी गल्ली बघत असताना मुद्दाम हात उंच करून द्यायचो. एका शुक्रवारी ती समोरून चालली होती. मी हाक मारली आणि नाणं पुढं केलं.

"आज तुमचा वार न्हाय."

"नसू दे. घे."

"आज घेतलं तर गुरवारचं काय?"

"गुरवारी गुरवारचं दीन."

"असं नसतं, तात्या. रोज दारात आलेल्या बाईला माणूस दार लावून घेतं. आठवड्यानं आली तर म्हणतं, आली व्हय." आणि जरा थांबून, "तुमी बी लावाल."

"मी न्हाय लावणार!"

"समदीच असं म्हणत्यात," म्हणाली आणि गेली.

मला राग आला. एवढा हट्ट कशाचा? आता वाटतं, हट्टाचा राग मला यावा, हीच एक गंमत होती.

मग ऊन वाढलं. बारामतीचं चैत्रातलं ऊन तुम्हाला सांगायला नको, डांबरावर चप्पल चिकटते. माझ्या माठाचं पाणी सगळी गल्ली पिते. तीही प्यायची. येता-जाता उभी राहून तांब्या वर धरून घटाघटा प्यायची. त्या उन्हाळ्यात मी तांब्या पुढं केला तर तिनं तांब्यावर हात आडवा धरला. "नको."

"उपास हाय का काय?"

"व्हय."

पुढल्या गुरुवारी पुन्हा तेच. ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले, आणि तांब्यावर हात आडवा. म्हटलं, कसला देव हा, जो पाणी पिऊ देत नाही?

गल्लीच्या मागच्या बाजूला पैसे देऊन जायचं शौचालय आहे. दाराशी टेबल टाकून सुनंदा म्हणून एक बाई बसते. माझ्या वयाच्या माणसाला तिथं वरचेवर जावं लागतं, त्यामुळं ओळख. एक दिवस ती म्हणाली, "तात्या, त्या गोडाऊनपाशी निजणाऱ्या आजी बऱ्या हायत ना?"

"का गं?"

"न्हाय, आदी रोज सकाळी यायच्या. आता गुरवारच्या गुरवारी येत्यात. मी म्हटलं, जा तशाच, मी न्हाय मागत. तर मलाच म्हणत्यात, तू दाराशी बसलीस ती काय हौसंनं?"

मी तिथंच उभा राहिलो. माझ्या मागं दोघंजण खोळंबले होते. तांब्यावरचा तो आडवा हात मला आत्ता कळला.

बाप्या माणसाला सगळं गाव मोकळं असतं. भिंत दिसली की झालं. बाईला, त्यातून तिच्यासारख्या नेटक्या बाईला, या शहरात जायला जागा एकच, आणि तिथं पाच रुपये पडतात. आठवड्याचे वार तिनं त्यासाठी वाटले होते. आम्ही तिला खायला घालत होतो. खाल्लेलं-प्यालेलं घेऊन तिनं जायचं कुठं, याचा विचार त्या फ्लेक्सवरच्या एकाही गोल फोटोला सुचला नव्हता. मलाही सुचला नव्हता, फोटो नसला म्हणून काय झालं.

आता हे गल्लीला सांगायचं कसं? अशी गोष्ट आमच्यात बोलत नाहीत. बाईमाणसाची तर नाहीच, आणि माझ्यासारख्या म्हाताऱ्यानं तर मुळीच नाही. चार दिवस मी नुसताच म्हणत राहिलो, "तिला पैसे देत जा रे." ते विचारायचे, "कशाला?" आणि मी कानस उचलायचो. शेवटी दुपारी दुकानात कुणी नाही बघून अक्षयकडं गेलो आणि त्याच्या काउंटरवर वाकून, अडखळत, सगळं सांगितलं.

पोरगा पांढराफटक पडला. हातातला मोबाईल तसाच राहिला. "तात्या, माझ्या डोक्यातच आलं न्हाय हो. आमची आई हाय की घरात." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, झालं काम. शहाण्याला सांगितलं.

आणि त्यानं आजकालच्या माणसानं करायचं ते केलं. दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. एवढ्यावर न थांबता फ्लेक्सच्या खाली पांढरी पट्टी चिकटवली. 'आजींना शौचालयासाठी पैसे द्यावेत.'

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गल्लीत शिरली. कापडवाल्यानं लांबूनच हाक दिली, "आजी, ह्ये घ्या! सांगायचं न्हाय का आदी? संडासाला लागत्यात व्हय!" गिरणीवाला पिठाचे हात घेऊन बाहेर आला. "लाजायचं काय त्यात, आजी? सगळ्यांनाच लागतं!" रसवाला ओरडला, "आजी, जाऊन आलात का? न्हायतर ह्ये घेऊन जावा!" दोन्ही बाजूंनी हात पुढं आलेले, हातांवर नाणी, नोटा. सगळे खरंच प्रेमानं बोलत होते. बाजाराला निघालेल्या बायका थांबून बघत होत्या. एका शाळकरी पोरीनं पट्टी मोठ्यानं वाचून दाखवली.

ती मध्ये उभी राहिली. पदर डोक्यावर होता, तो तिनं कपाळाच्या खाली ओढला, तोंड दिसेनासं होईपर्यंत. एकाचंही नाणं घेतलं नाही. त्या हातांच्या मधून, कुणाला धक्का लागू न देता, चालत पलीकडं गेली. माझ्यासमोरून गेली तेव्हा मी उठून उभा राहिलो. तिनं बघितलं नाही.

अक्षय म्हणाला, "तात्या, काय झालं?"

मी म्हटलं, "पट्टी काढ." त्यानं काढली. पट्टीबरोबर कापडवाल्याचा अर्धा फोटो फाटून आला.

गुरुवारी मी पाचाचं नाणं पेटीवर ठेवून बसलो. उन्हानं नाणं तापलं, हात लावला तर चटका बसला. ती आली नाही. संध्याकाळी पडवीत जाऊन बघितलं, पोती नीट घडी करून भिंतीला लावलेली. अक्षयनं दोन दिवस मोटारसायकलवर सगळी बारामती पालथी घातली, कालव्याच्या कडेनंही जाऊन आला. शेवटी सुनंदा म्हणाली की तिला इंदापूरच्या एसटीत चढताना पाहिलं.

मी काही तिला शोधायला गेलो नव्हतो. वरकुट्यात भाच्याच्या लेकीचा साखरपुडा होता, आणि वाट इंदापुरावरनंच आहे. स्टँडावर उतरलोच होतो, म्हणून कणसं भाजणाऱ्या एका बाईला विचारलं, "हितं एक म्हातारी असती का? नेटकी. पाचच रुपये मागती."

"वार लावून?" ती म्हणाली. "माझ्याकडनं शनिवारी न्यायची. ती आता दवाखान्यात हाय, बाबा. तापानं फणफणली व्हती, हितंच पडली. आमीच रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात पोचवली."

पुढचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही आशेवर राहणार नाही. ती त्या तापातनं उठली नाही. दवाखान्यात माझा नंबर लिहून घेतला होता, त्यावर फोन आला. मी गल्लीत सांगितलं, तर तासाभरात नोटांचा ढीग जमला. अक्षय, रशीदभाई, गिरणीवाला, सगळे इंदापूरला आले. अक्षयनं मडकं धरलं. फ्लेक्स त्याच आठवड्यात उतरला. धडधाकट माणसाला मी अजून पैसा देत नाही. बाकीच्यांना द्यावा की नाही, ते मला विचारू नका.

पण मला ती आठवते ती तिरडीवरची नाही. मला दवाखान्यातली दुपार आठवते.

बायकांच्या वॉर्डात शेवटची खाट. ती एवढीशी झाली होती. सलाईन संपत आली होती. सिस्टर मला म्हणाली, "बाबा, तुम्ही यांचे कोण?"

काय सांगणार? म्हटलं, "गाववाला."

"मग तुम्हीच सांगा यांना. पाणी पीत नाहीत म्हणून तर हे एवढं वाढलंय. पाण्याचं नाव काढलं की तोंड फिरवतात."

तिनं डोळे उघडले. "तात्या. तुमी कशाला आला?"

"साखरपुड्याला."

"दवाखान्यात?"

"वाटंत लागला."

"लबाड," म्हणाली.

मी पेला भरून तिच्या तोंडाशी नेला. सुई टोचलेला हात तिनं उचलला आणि पेल्यावर आडवा धरला. मी खाली वाकलो. शेजारच्या खाटेवरच्या बाईला ऐकू जाणार नाही एवढ्या हळू म्हणालो, "बाई, हितं जायला पैसे पडत न्हाईत."

तिचा हात पेल्यावर तसाच होता.

"मला म्हातारीला म्हणून?"

"न्हाय. समद्यांना. त्या पलीकडल्या बाईला, ह्या सिस्टरला, उद्या कलेक्टरीणबाई आली तर तिलाबी."

"दाराशी कोण बसतं?"

"कोण न्हाय."

तिनं विचार केला. मग हात बाजूला घेतला.

ती प्यायली. अर्ध्यात थांबली, दम घेतला, परत प्यायली. पाणी हनुवटीवरनं गळ्यात उतरलं, तिनं पुसलं नाही. रिकामा पेला पुढं करून म्हणाली, "आणि." मी दुसरा भरला. तिसरा तिनं स्वतः दोन्ही हातांनी धरला.

थोड्या वेळानं सिस्टरनं सलाईनची नळी काढली. तिनं पाय खाली सोडले. सिस्टर धरायला गेली, तर दोन-चार पावलं धरू दिलं आणि म्हणाली, "तू ऱ्हा हितंच." मग पदर डोक्यावर सारखा केला आणि भिंतीला हात लावत, खाटांच्या रांगेमधून, मान सरळ ठेवून, वॉर्डाच्या टोकाला गेली. वाटेत तिला कुणी काही विचारलं नाही.

मी खिडकीकडं तोंड फिरवलं. आतून कडी लागल्याचा आवाज आला.